वाटेवरचे खाते

अमेरिकेहून परतल्यावर संपादकांनी आमच्याकडे प्रवासवर्णन मागितले. नायगारा पाहिलात काय, न्यूयॉर्कचे ते मोठे कॅथेड्रल पाहिलेत काय, असे त्यांनी विचारले. कॅथेड्रल पाहिले, नायगारा राहून गेला. २०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये न्यू जर्सीतील एका धर्मग्रामात आम्ही सहा आठवडे बदली धर्मगुरू म्हणून होतो. उन्हाळ्यात तिकडच्या फादरांना रजा मिळावी म्हणून आपल्याकडून अनेक धर्मगुरू असे जातात. चार मिस्सा अधिक करतात, दोन नव्या गोष्टी शिकतात आणि बॅगेत चॉकलेटे भरून परत येतात. आम्हीही चॉकलेटे आणली. ती केव्हाच संपली. मनात उरले आहे ते एका स्वयंपाकघरातील टेबल, त्यावरचा एक लॅपटॉप आणि १८,२४० हा आकडा. तेव्हा संपादकांनी व वाचकांनी आम्हांस क्षमा करावी. हे प्रवासवर्णन जमाखर्चाचे आहे.

आरंभीच सांगून टाकतो, की पुढील हकिकतीतील कोणतीही गोष्ट आम्ही कुमसारघरात ऐकलेली नाही. जे घडले ते तिघांच्या देखत घडले, आणि ज्यांच्या घरी घडले त्या दोघांनी ते लिहिण्यास अनुमती दिली आहे. नावे मात्र आम्ही देणार नाही. त्यांचे गाव आमचेच, वसईतले, एवढे पुरे.

यजमान हा आमचा शाळासोबती. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. एकमेकांना ‘अरे तुरे’ म्हणत, प्रसंगी एकमेकांच्या पाठीत गुद्देही घालत असू. पुढे आमचा गुरुदीक्षाविधी झाला आणि त्या दिवसापासून तो आम्हांस ‘फादर, तुम्ही’ म्हणू लागला. आजतागायत त्यात खंड पडलेला नाही. त्याची पत्नी परिचारिका. तिच्या नोकरीच्या आधाराने ही दोघे पंचवीस वर्षांपूर्वी अमेरिकेस गेली. तो एका कारखान्याच्या गुदामात लागला, टिकला, वर चढला. एप्रिल २०२४ च्या अखेरीस त्या कारखान्याने गुदाम दुसऱ्या राज्यात हलवले आणि वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी आमचा मित्र घरी बसला.

आपल्याकडे नोकरी बदलली की भविष्यनिर्वाह निधीची, म्हणजे पी.एफ.ची बदली करावी लागते, हे पुष्कळ वाचकांना अनुभवाने ठाऊक असेल. अमेरिकेतही तशीच एक व्यवस्था आहे. खासगी नोकरीत पेन्शन आता थोड्यांनाच लाभते. त्याऐवजी पगारातून, कर लागण्यापूर्वी, काही रक्कम कापून एका खात्यात टाकली जाते. मालकही बहुधा आपला थोडा वाटा घालतो. या खात्याला ‘४०१-के’ म्हणतात. हे नाव कुणा उदार माणसाचे नसून कर कायद्याच्या कलमाचे आहे. ते कलम १९७८ साली घातले गेले आणि तोच क्रमांक लोकांच्या तोंडी बसला. आपली आयुष्यभराची शिदोरी एका कलमाच्या क्रमांकाने ओळखली जावी याची आम्हांस प्रथम गंमत वाटली. मग आठवले, की आपणही आपल्या वाडीला सर्व्हे नंबरानेच ओळखतो आणि त्या नंबरापायी भाऊ भावाशी बोलेनासा होतो. त्याकडे पुढे यावेच लागणार आहे.

नोकरी सुटली की ही शिदोरी जुन्या मालकाच्या योजनेतून उचलून स्वतःच्या वैयक्तिक निवृत्तिखात्यात नेता येते. अशा खात्याची सोय १९७४ च्या कायद्याने झाली असून त्यास ‘आय.आर.ए.’ म्हणतात. या नेण्याला ‘रोलओव्हर’ असे नाव आहे. तो नीट केला तर कर लागत नाही, कारण पैसा खर्चलेला नसतो आणि नव्याने मिळालेलाही नसतो. तो एका पेटीतून दुसऱ्या पेटीत गेलेला असतो. परंतु ‘नीट’ या शब्दात पुष्कळ काही भरले आहे. धनादेश नव्या संस्थेच्या नावे, ‘अमक्याच्या हितार्थ’ असा लिहिलेला असेल, तर पूर्ण रक्कम जाते. तोच स्वतःच्या नावे घेतला तर शेकडा वीस कर आधीच कापला जातो. आमच्या मित्राच्या बाबतीत धनादेश १,६८,१६० डॉलरांचा होता. तो त्याने स्वतःच्या नावे मागितला असता, तर कर कापून हाती बरेच कमी आले असते. आणि साठ दिवसांच्या आत नव्या खात्यात भरायचे मात्र पुरे १,६८,१६०. कापलेले पैसे पदरचे घालावे लागले असते, नपेक्षा तेवढी रक्कम खाऊन टाकली असे सरकारने धरले असते. सुदैवाने मित्राने अर्ज बरोबर भरला होता. धनादेश नव्या संस्थेच्या नावे निघाला, टपालाने त्याच्या घरी आला आणि त्याने तो पुढे पाठवला. जूनमध्ये हे सारे उरकले होते.

उरकले नव्हते ते वहिनींच्या हिशेबात.

वहिनींचा जमाखर्च ही त्या घरातील एक संस्थाच आहे. पहिली पंधरा वर्षे तो वह्यांत होता. त्या वह्या अजून कपाटात आहेत. पुढे मुलाने लॅपटॉपवर ‘ग्नूकॅश’ नावाची एक विनामूल्य प्रणाली बसवून दिली, खात्यांची नावे मराठीत घालून दिली आणि तो दूर कॉलेजात निघून गेला. वहिनी रात्रपाळीहून येत, चहा करीत आणि निजण्यापूर्वी आदल्या दिवसाच्या पावत्या टाकून मोकळ्या होत. पतीच्या निवृत्तिखात्याचा आकडा तेवढा त्या त्याला विचारून लिहीत. तो फोनवर पाहून सांगे: “एकूण इतके.”

एका शनिवारी सायंकाळच्या मिस्सानंतर त्यांनी आम्हांस दारातच गाठले. “फादर, सोमवारी तुमची सुट्टी ना? जेवायला या. आणि चष्मा घेऊन या.”

सोमवारी गेलो. कोळंबीचे कालवण झाले, भात झाला, मग टेबल पुसून लॅपटॉप आला. “हे बघा, फादर,” वहिनी म्हणाल्या, “हा म्हणतो यंदा आम्ही पावणेदोन लाख डॉलर जादा कमावले. आणि त्याहून जास्त उधळले! यांना तर नोकरीसुद्धा नाही.”

वाचकहो, सेमिनरीत आम्हांस तत्त्वज्ञान शिकवले, ईशज्ञान शिकवले, लॅटिनही थोडे शिकवले. जमाखर्च शिकवला नाही. तो आम्ही पहिल्या धर्मग्रामात शिकलो. तेथील सणाच्या वर्गणीचे पैसे आम्ही इमारत निधीच्या पानावर लिहून ठेवले होते आणि एका वृद्ध विश्वस्तांनी चारचौघांत आमचे कान उपटले होते. तेव्हापासून या विद्येविषयी आमच्या मनात आदरयुक्त भीती आहे. पुढे वाचनात आले, की दुहेरी नोंदीची पद्धत छापील ग्रंथातून प्रथम सविस्तर सांगणारा लुका पाचोली हा फ्रान्सिस्कन संघाचा धर्मबंधू होता. व्हेनिसचे व्यापारी ही पद्धत आधीपासून वापरीत होते. पाचोलीने १४९४ मध्ये आपल्या गणिताच्या मोठ्या ग्रंथात ती मांडली आणि पहिल्या वहीवर क्रुसाची खूण करण्याची ख्रिस्ती व्यापाऱ्यांची चालही नोंदवून ठेवली. हे वाचल्यापासून आमची भीती किंचित कमी झाली आहे, एवढेच.

वहिनींनी केलेली चूक सहज होण्यासारखी होती. जुने खाते रिकामे झाले, म्हणून त्यांनी त्यातील सगळी रक्कम ‘खर्च: इतर’ या सदरात टाकली. नवे खाते भरले, म्हणून ती रक्कम ‘उत्पन्न: इतर’ या सदरातून आणली. दोन स्वतंत्र नोंदी, दोन्ही आपापल्या जागी जुळलेल्या. घरात किती आहे हे पाहिले तर आकडा बरोबर. वर्षाचे उत्पन्न आणि खर्च पाहिले तर वेड्यासारखे. ग्नूकॅश प्रत्येक पैशाला विचारतो, कोठून आलास आणि कोठे चाललास. वहिनींनी पहिल्या नोंदीत ‘कोठे’ याचे उत्तर खोटे दिले होते, दुसऱ्या नोंदीत ‘कोठून’ याचे.

आम्ही त्यांना सांगितले, की या दोन्ही नोंदी पुसून एकच करावी. जुन्या खात्यातून नव्या खात्यात. मध्ये उत्पन्नही नको, खर्चही नको. फक्त तारखांचा एक घोळ होता. जुन्या योजनेने पैसे काढले त्या दिवसापासून नव्या खात्यात जमा होईपर्यंत पंधरा-सोळा दिवस गेले होते. त्या काळात पैसे कोठे होते म्हणावे? जुन्या खात्यात नव्हते, नव्यातही नव्हते. ते टपालात होते, पण होते आपलेच. यासाठी मालमत्तेखाली एक तात्पुरते खाते उघडतात. आम्ही वहिनींना त्याला नाव सुचवायला सांगितले. त्यांनी लिहिले, ‘वाटेवर’. पहिल्या तारखेस जुन्या खात्यातून ‘वाटेवर’ मध्ये, दुसऱ्या तारखेस ‘वाटेवर’ मधून नव्या खात्यात, आणि ‘वाटेवर’ पुन्हा शून्य. वहिनींना ते फार आवडले. “फादर, आमचे गावाहून येणारे सुके बोंबीलसुद्धा असेच असतात,” त्या म्हणाल्या.

मग त्या आकडे टाकू लागल्या. जुन्या खात्यातून कमी: १,८६,४००. हा पतीने खाते बंद झाले त्या दिवशी सांगितलेला ‘एकूण’ आकडा. ‘वाटेवर’ मध्ये जमा: १,६८,१६०. हा धनादेशावरचा आकडा. त्यांनी कळ दाबली आणि प्रणालीने आपण होऊन तिसरी ओळ घातली: ‘इम्बॅलन्स-यूएसडी’, १८,२४०.

दोन बाजू जुळल्या नाहीत की ग्नूकॅश नोंद टाकून देत नाही, कुरकुरतही नाही. उरलेली रक्कम या नावाच्या खात्यात ठेवून देतो आणि तुम्ही येऊन तिचा निकाल लावाल याची वाट पाहतो. वहिनींच्या दोन वेगळ्या नोंदींत हा फरक दिसलाच नव्हता, कारण ते दोन आकडे कधी समोरासमोर आले नव्हते. आता एका नोंदीत आले.

“फी असेल,” वहिनी म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, “अठरा हजार फी?”

आम्ही धनादेशासोबतचे पत्र मागितले. मित्र खुर्चीवरून उठला आणि टोमॅटोला पाणी घालायचे राहिले, असे म्हणून मागच्या दाराने बाहेर गेला. भर दुपारी, रणरणत्या उन्हात. झाडांना पाणी घालण्याची ती वेळ नव्हे, हे शेतकऱ्याच्या दोन्ही पोरांना ठाऊक होते. वहिनींनी लिफाफा शोधून आणला. पत्राच्या दुसऱ्या पानावर तीन ओळी होत्या: एकूण शिल्लक, वजा थकलेले कर्ज, रोलओव्हरची निव्वळ रक्कम. मधल्या ओळीत १८,२४० होते.

अमेरिकेतील बहुतेक योजनांत आपल्या निवृत्तिखात्यातून कर्ज घेता येते: स्वतःचा हक्क असलेल्या रकमेच्या निम्म्यापर्यंत, आणि जास्तीत जास्त पन्नास हजार डॉलर. सामान्यतः पाच वर्षांत ते पगारातून फेडायचे, व्याजही आपल्याच खात्यात जमा होते. नोकरी असेपर्यंत फारसे कुणाला जाणवत नाही. नोकरी सुटली की उरलेले कर्ज शिलकेतून वजा करतात आणि कायदा म्हणतो, ही रक्कम तुम्ही काढून घेतली. आमच्या मित्राने २५,००० डॉलर घेतले होते. तारीख पत्रातच होती: सप्टेंबर २०२२.

तो महिना वाचला आणि आमच्या हातातील कागद जड झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईहून या मित्राला फोन करणारे आम्हीच होतो.

त्याचा धाकटा भाऊ त्या वर्षी फार आजारी होता. मूत्रपिंडे निकामी झाली होती, आठवड्यातून तीनदा डायलिसिस चाले, इस्पितळाची बिले थकली होती. भावाची पत्नी एके सायंकाळी आमच्याकडे आली. ‘थोरल्या भाऊजींना तुम्हीच सांगा, फादर, मी कोणत्या तोंडाने सांगू?’ असे म्हणाली. कोणत्या तोंडाने, याचे कारण साऱ्या गावाला ठाऊक होते. वडिलांच्या पश्चात वाडीची वाटणी झाली तेव्हा विहिरीकडचा तुकडा धाकट्याने परस्पर आपल्या नावे करून घेतला, असा थोरल्याच्या घरचा समज होता. त्या भांडणात वहिनींना नको ते शब्द ऐकावे लागले होते. दोन्ही घरांत अकरा वर्षे बोलणे नव्हते. आम्ही फोन केला, परिस्थिती सांगितली, भावाभावांतील क्षमेविषयी चार शब्दही बोललो. ते आम्हांस बरे जमतात. दहा दिवसांत इस्पितळात पैसे पोहोचले. आम्ही परमेश्वराचे आभार मानले. ते पैसे कोठून आले, घरी पत्नीला ठाऊक आहे काय, हे विचारण्याचे आमच्या मनातही आले नाही. भाऊ जानेवारी २०२३ मध्ये वारला.

मित्र आत आला तेव्हा वहिनी पत्र हातात धरून बसल्या होत्या. त्याने काही लपवले नाही. एकोणीस हप्ते पगारातून गेले होते. ओव्हरटाइम कमी झाला म्हणून हाती कमी येते, असे वहिनींना वाटले होते. “मी खोटं कधी बोललो नाही,” तो म्हणाला. “तू एकूण विचारायचीस, मी एकूण सांगायचो. कर्ज त्या एकूणातच धरलेलं असतं.”

ते खरे होते. योजनेच्या पत्रकात उरलेले कर्ज शिलकेचा भाग म्हणूनच दाखवले होते. नीतिशास्त्राच्या तासाला आम्ही असल्या उत्तरांविषयी पानेच्या पाने लिहून काढली होती: शब्द खरे, ऐकणाऱ्याची समजूत खोटी, आणि बोलणाऱ्याला त्या समजुतीची जाणीव. परीक्षेत या प्रश्नाला आम्हांस चांगले गुण मिळाले होते. त्या टेबलाशी बसून त्यातील एक शब्दही आमच्या कामी आला नाही.

“मला का नाही सांगितलं?” वहिनींनी विचारले.

“तू नाही म्हणाली असतीस.”

“म्हणाले असते,” वहिनी म्हणाल्या. “रात्रभर म्हणाले असते. आणि सकाळी दिले असते.”

मग आमच्याकडे वळून त्यांनी विचारले, “फादर, तुम्हांला ठाऊक होतं?”

पैसे मागणारे आम्हीच होतो, हे आम्ही सांगितले. कर्ज ठाऊक नव्हते, हेही सांगितले. पण ते सांगताना आमचे उत्तर मित्राच्या ‘एकूण’ सारखेच आहे, हे आमचे आम्हांस ऐकू आले. वहिनींनी लॅपटॉप मिटला. कॉफी विचारली नाही. आम्ही जपमाळ चाचपीत घराबाहेर पडलो. मित्र गाडीने सोडतो म्हणाला, पण आम्ही पायीच निघालो. तिकडे पायी चालणारा माणूस रस्त्यावर फार दिसत नाही. दोन मोटारी थांबून चौकशी करून गेल्या.

त्या आठवड्यात आम्ही एक बरे काम केले. धर्मग्रामात एक निवृत्त हिशेबनीस होते, रविवारी दान मोजणाऱ्या मंडळींपैकी. त्यांना कोणाचेही नाव न सांगता कर्जवजावटीविषयी विचारले. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली दिलाशाची. पूर्वी अशी वजा झालेली रक्कम साठ दिवसांत स्वतःच्या पैशाने नव्या खात्यात भरावी लागे. २०१७ च्या डिसेंबरातील कायद्याने नोकरी सुटल्यामुळे झालेल्या वजावटीला करपत्रक भरण्याच्या तारखेपर्यंत मुदत मिळते. म्हणजे २०२४ मधील वजावटीसाठी १५ एप्रिल २०२५. तोवर १८,२४० डॉलर आय.आर.ए.मध्ये पडले तर ती रक्कम काढलीच नाही असे धरतात. न भरल्यास ती उत्पन्नात मिळवून नेहमीचा कर लागतो. छप्पन्नाव्या वर्षी नोकरी सुटलेली असल्याने शेकडा दहाचा जादा भुर्दंड मात्र नाही, कारण पंचावन्नाव्या वर्षी किंवा त्यानंतर नोकरी सोडणाऱ्याला मालकाच्या योजनेतील पैशांपुरती ती सूट आहे.

दुसरी गोष्ट ऐकून वाईट वाटले. ही पंचावन्नची सूट मालकाच्या योजनेला आहे, आय.आर.ए.ला नाही. पैसे एकदा आय.आर.ए.मध्ये गेले की साडेएकोणसाठ वर्षे पुरी होईपर्यंत, काही अपवाद सोडता, काढण्यावर भुर्दंड आहे. बेकार माणसाने घरखर्चापुरती काही रक्कम जुन्या योजनेतच राहू दिली असती तर बरे झाले असते. हे मित्राला कुणी सांगितले नव्हते. नव्या खात्याच्या माहितीपत्रकात फायदे पुष्कळ छापले होते. हे बारीक अक्षरात असावे. वाचकांची मुले, नातवंडे तिकडे आहेत, म्हणून एवढे विस्ताराने लिहिले. पुढच्या फोनवर त्यांना सांगून ठेवावे.

शुक्रवारी सकाळच्या मिस्सानंतर वहिनी धर्मगुरुनिवासाच्या कचेरीत आल्या. रात्रपाळीहून तशाच, गणवेशात, काखेत लॅपटॉप. आम्ही हिशेबनिसांचे म्हणणे सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले, पण त्यांचा प्रश्न निराळा होता.

“हे लिहायचं कसं, फादर? ‘इम्बॅलन्स’ मध्ये असंच राहू द्यायचं?”

आम्ही सांगितले, की याची सुरुवात जूनमध्ये नाही, सप्टेंबर २०२२ मध्ये आहे. तेथे जाऊन एक नवे देणे उघडायचे, ‘निवृत्तिखात्याचे कर्ज’. त्या दिवशी देणे २५,०००. समोरच्या बाजूस, पैसे ज्यासाठी गेले तो खर्च. मग एकोणीस हप्ते. त्यांतून मुद्दल ६,७६० फिटले, म्हणून देणे तेवढे कमी. व्याजाचे पैसे आपल्याच खात्यात परत गेलेले. उरले १८,२४०. ते जूनमध्ये जुन्या खात्यातून फिटले असे दाखवायचे. जुने खाते शून्य, देणे शून्य, ‘वाटेवर’ शून्य आणि ‘इम्बॅलन्स’ ही शून्य.

वहिनी एकेक ओळ टाकीत गेल्या. सप्टेंबर २०२२ च्या नोंदीशी येऊन त्यांची बोटे थांबली. खर्चाचे सदर हवे होते. यादीत ‘औषधोपचार’ होते, ‘दानधर्म’ होते, ‘इतर’ होते. त्यांनी ‘औषधोपचार’ निवडले आणि काढून टाकले. ‘दानधर्म’ वर त्या गेल्याच नाहीत. आम्ही खिडकीबाहेर पाहत राहिलो. काही वेळाने कळांचा आवाज आला. त्यांनी खर्चाखाली नवे खाते उघडले होते आणि त्याला नाव दिले होते, ‘भाऊजी’. विवाह होऊन त्या त्या घरात आल्या तेव्हा ते शाळेत होते, एवढेच त्या बोलल्या.

मग म्हणाल्या, “डिसेंबरात आम्ही वसईला येणार होतो. माझ्या बचतीत वीस हजार आहेत. त्यातले भरते.”

“वहिनी, मुदत एप्रिलपर्यंत आहे. घाई नको.”

“घाई नाही, फादर. पण हे उघडं ठेवून मला झोप येणार नाही. रात्रपाळीहून आले की मला झोप लागते.”

मित्राशी त्या बोलत होत्या काय, हे आम्ही विचारले नाही. पुढच्या रविवारी दोघे मिस्साला एकत्र आले, बाकावर मात्र दोघांत एक माणूस बसेल एवढी जागा होती. त्याच्या पुढच्या रविवारी ती जागा कुणा मेक्सिकन कुटुंबाच्या दोन मुलांनी व्यापली, तेव्हा त्यावरून काही कळण्यास मार्ग उरला नाही. मग आमचे सहा आठवडे संपले. विमानतळावर सोडायला मित्र एकटा आला. वाटेत तो म्हणाला, “फादर, ती आता एकूण विचारत नाही. फोन मागून घेते आणि स्वतः वाचते.” आम्ही म्हटले, “देत जा.” तो म्हणाला, “देतो की.” आणि बऱ्याच वेळाने, फाटकाशी गाडी लावताना, आमच्या गुरुदीक्षेनंतर प्रथमच त्याच्या तोंडून निसटले, “तू तरी त्या वेळी विचारायचंस ना रे.”

वसईस आल्यावर आम्ही धाकट्याच्या घरी गेलो. पैसे कसे उभे राहिले होते हे, दोघांची अनुमती होती म्हणून, तिला सांगितले. ती उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. विहिरीकडच्या तुकड्याचा प्रश्न अजून आहे तेथेच आहे.

एप्रिल २०२५ च्या शेवटी वहिनींचे पत्र आले. त्या अजून पत्रे लिहितात. योजनेकडून ‘१०९९-आर’ नावाची दोन पत्रके आली होती. एकावर रोलओव्हरसाठी ‘जी’ हे अक्षर, दुसऱ्यावर कर्जवजावटीसाठी ‘एम’. करपत्रकाच्या एका रकान्यात दोन्हींची बेरीज १,८६,४०० लिहिली, शेजारच्या करपात्र रकान्यात शून्य, आणि पुढे ‘रोलओव्हर’ हा शब्द. मित्राला एका शाळेच्या भांडारात अर्धवेळ काम लागले आहे. यंदाचे येणे रहित झाले, पुढच्या वर्षी पाहू, असेही त्यांनी लिहिले होते. पत्रासोबत वीस डॉलरची नोट होती. जानेवारीत भाऊजींच्या वर्षदिनी आपल्या गावच्या चर्चमध्ये त्यांच्या आत्म्याच्या शांतीसाठी मिस्सा व्हावा, आणि तो ‘थोरल्या घरातर्फे’ असा वाचला जावा, अशी विनंती होती.

ती नोट आम्ही बदलून घेतली आणि मिस्साच्या वहीत तारीख टाकली. वहिनींनी ती आपल्या हिशेबात कोणत्या सदरात लिहिली, हे पत्रात नाही.